लाल पानांची गॅरंटी कुणी देऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या ऑटमवर, म्हणजे तिकडच्या पानगळीच्या रंगांवर, जो लेख आला त्याचा फोटो काढून सासूबाईंनी साताऱ्याहून मला व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली मेसेज ‘हे तुमच्या तिकडचंच ना गं?’ हो, आमच्या तिकडचंच. मी गेली बरीच वर्षं ससेक्समध्ये राहते आणि लेखात ज्या प्रकारच्या बागांचं वर्णन आहे तशा बागा आमच्या आजूबाजूला बऱ्याच आहेत, त्यातली एक तर घरापासून गाडीने जवळच. लेख वाचायला मस्त आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यात दोन गोष्टी अशा लिहिल्यात की गप्प बसवेना. एक म्हणजे ‘ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलात की लाल रंग शंभर टक्के मिळणार’. आणि दुसरी, ‘माणसाचा हात न लागलेल्या जंगलात निसर्गाने केलेली उधळण’. पहिली गोष्ट कुणीच कुणाला सांगू शकत नाही, आणि दुसरी तर चक्क उलटी आहे.

मी ज्या बागेबद्दल बोलतेय ती शेफील्ड पार्क. आधीच सांगते, शेफील्ड शहराशी हिचा काही संबंध नाही, ते शहर पार उत्तरेला यॉर्कशरमध्ये आहे, आणि ही बाग दक्षिणेला ईस्ट ससेक्समध्ये, हेवर्ड्स हीथ आणि अकफील्डच्या मध्ये. गाडीत नुसतं ‘शेफील्ड’ टाकून निघालेले पाहुणे मला माहीत आहेत, नावं घेत नाही, घरातलेच आहेत. बाग साधारण १२० एकरांची, मधोमध एकाखाली एक अशी उतरत जाणारी तळी, आणि तळ्यांच्या काठाने मागे दूरपर्यंत झाडी. आता ही तळी पण नैसर्गिक नाहीत हं. अठराव्या शतकात इथल्या मालकाने, जो पुढे पहिला अर्ल ऑफ शेफील्ड झाला (अर्ल हा इथला सरदारकीचा किताब), आधी केपेबिलिटी ब्राऊनला बोलावलं आणि नंतर हम्फ्री रेप्टनला, हे दोघंही त्या काळातले बागा आखणारे सगळ्यात नावाजलेले लोक, आणि छोटा ओढा अडवून, माती हलवून, चढ-उतार पाहिजे तसे करून घेऊन ही तळी हळूहळू तयार झाली. म्हणजे ज्या पाण्यात लाल झाडांचं प्रतिबिंब बघून आपण ‘काय निसर्ग आहे!’ म्हणतो ते पाणीच मुळात बांध घालून साठवलेलं आहे.

इथे जरा विषय सोडून एक सांगू का, कारण मराठी घरात बागेपेक्षा हेच जास्त ऐकलं जातं हे मला अनुभवाने कळलंय. या इस्टेटीचा तिसरा अर्ल क्रिकेटवेडा होता. म्हणजे इतका की त्याने घराजवळ स्वतःचं मैदान ठेवलेलं आणि इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेल्या ऑस्ट्रेलियन टीम त्याच्याकडे मॅच खेळायला यायच्या. १८९१-९२ मध्ये तो स्वतः डब्ल्यू. जी. ग्रेस आणि टीम घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला, तिथल्या क्रिकेटसाठी १५० पौंड देऊन आला, आणि त्या पैशातून जी ढाल बनली ती शेफील्ड शील्ड, जी तिकडची आपल्या रणजी ट्रॉफीसारखी स्पर्धा आहे. आणि गंमत म्हणजे १८९६ ला ऑस्ट्रेलियन आले तेव्हा अर्लच्या टीममधून आपले रणजीसुद्धा इथे खेळलेत! ज्यांच्या नावाची ट्रॉफी ते आणि ज्याच्या नावाची शील्ड तो, दोघं एकाच मैदानावर. एर्नी जोन्स या ऑस्ट्रेलियन फास्ट बॉलरचा बॉल ग्रेसच्या दाढीतून आरपार गेला हा किस्सा पण याच मैदानावरचा सांगतात, खरा-खोटा देव जाणे. माझ्या सासऱ्यांना ऑटम दाखवायला नेलं होतं, ते पानांकडे पाच मिनिटं बघून मैदान कुठे आहे ते शोधायला निघाले. तर असो.

हा तिसरा अर्ल १९०९ साली वारला आणि त्यानंतर इस्टेट विकत घेतली आर्थर गिल्स्ट्रॅप सोम्स नावाच्या माणसाने. बियर बनवणाऱ्या श्रीमंत घराण्यातला. आज ऑक्टोबरमध्ये तिथे जे बघायला हजारो लोक लोटतात ते बहुतेक सगळं या माणसाच्या डोक्यातून आलेलं आहे. पुरवणीतल्या लेखात त्याचं नाव असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं कदाचित.

मुद्दा असा आहे की इंग्लंडचं स्वतःचं जंगल लाल होत नाही. म्हणजे होतं थोडंफार, रानचेरी होते, रोवन होतं, कुंपणातलं स्पिंडल नावाचं झुडूप तर गुलाबीच्या पुढे जातं, पण मोठी झाडं बघाल तर बीच सोनेरी तांबूस, बर्च पिवळा, हेझल पिवळा, ओक शेवटी चॉकलेटी. सुंदर असतं ते, मला तर बीचचा तो तांबूस रंगच जास्त आवडतो, पण फोटोत जो भडक लालभडक रंग दिसतो तो इथला नाही, तो बाहेरून आणलेला आहे. ट्युपेलो नावाचं झाड उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं. लाल ओक तिथलाच. अमेलँकिअर, तेही मूळचं तिकडचंच. मेपल जपानचे. तळ्याच्या काठावर जो स्वॅम्प सायप्रस गंजाच्या रंगाचा होतो तो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दलदलीतला, आणि तो सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सगळ्या सुया गाळून मोकळा होतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं झाड मेलं. म्हणजे ज्याला लेखात ‘अस्सल इंग्लिश जंगल’ म्हटलंय त्यातलं लाल अर्धं अमेरिकन आणि अर्धं जपानी आहे!

आणि सोम्सने हे नुसतं गोळा नाही केलं. गोळा करणारे श्रीमंत त्या काळात पैशाला पासरी होते, चीन-जपान-हिमालयातून बिया यायच्या, प्रत्येकाला आपल्या बागेत काहीतरी दुर्मीळ पाहिजे असायचं, एक इथे एक तिथे, पाटी लावून. याने तसं केलं नाही. ट्युपेलो आवडला तर भरपूर लावला, घोळक्याने, पाण्याच्या जवळ, अशा ठिकाणी जिथे दुपारचं ऊन मागून येतं. आधीच्या अर्लच्या काळातले मोठमोठे काळसर हिरवे सूचिपर्णी वृक्ष होते, त्यात ते अवाढव्य वेलिंग्टोनिया पण आले, ते तसेच ठेवले आणि त्यांच्या पुढ्यात ही लाल-पिवळी झाडं बसवली. काळ्या पाटीवर रंगीत खडू जसा उठून दिसतो तसं होतं ते. नुसतं लालच लाल असतं तर दहा मिनिटांत डोळे थकले असते. तुम्ही कधी आलात तर एक करून बघा, फोटो काढताना लाल झाडाच्या मागे काय आहे ते बघा, दर वेळी तिथे काहीतरी गडद, सदाहरित सापडेल. हे आपोआप होत नसतं हो.

ट्युपेलोचं अजून एक म्हणजे त्याला एकदा लावल्यावर हलवलेलं अजिबात चालत नाही, लहान असतानाच कायमच्या जागी लावावं लागतं आणि मग वाट बघत बसायचं. सोम्स १९३४ ला वारला. म्हणजे लावल्यापासून फार तर वीस-चोवीस वर्षं त्याला मिळाली, आणि ही झाडं त्यानंतर कुठे अंगाने भरायला लागली. पुढे दुसऱ्या महायुद्धात इस्टेटीवर कॅनडाचं सैन्य येऊन राहिलं, मग सोम्सच्या पुतण्याकडे गेली, मग इस्टेटीचे तुकडे झाले आणि १९५४ मध्ये बाग नॅशनल ट्रस्टकडे आली, म्हणजे इथल्या जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेकडे. मोठं घर मात्र खाजगी आहे, ते फक्त तळ्यापलीकडून दिसतं, आत जाता येत नाही, हेही लेखात ‘राजवाडा बघा’ असं लिहिलंय म्हणून सांगते, दारापर्यंत जाऊन परत यावं लागेल.

आता शंभर टक्केवाल्या गोष्टीकडे येते.

पानात पिवळा रंग उन्हाळ्यातही असतोच, हिरव्याखाली झाकलेला असतो. दिवस लहान झाले की झाड हिरवं द्रव्य मोडून परत आत ओढून घेतं आणि मग पिवळा उघडा पडतो. म्हणून पिवळा दरवर्षी बऱ्यापैकी ठरलेला. लाल तसा नसतो. लाल रंग झाड त्या दिवसांत नव्याने बनवतं, पानात अडकलेल्या साखरेपासून, आणि त्यासाठी दिवसा चांगलं ऊन पाहिजे, रात्री गारठा पाहिजे पण कडाक्याचा फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, नको, आणि जमीन फार कोरडी नको. सप्टेंबर-ऑक्टोबर ढगाळ आणि उबदार गेला तर तेच झाड तपकिरी होऊन गप्प गळून जातं. एक रात्र जोराचा फ्रॉस्ट पडला तर दुसऱ्या दिवशी सगळी पानं खाली. वारा आला तर विषयच संपला. २०२२ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये पहिल्यांदा चाळिशी पार झाली, १९ जुलैला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ डिग्री, आणि त्याबरोबर दुष्काळ, तेव्हा ऑगस्टमध्येच कितीतरी झाडांनी पानं पिवळी करून टाकली, लोक म्हणाले ऑटम लवकर आला, ऑटम कसला, झाडं तहानेने पानं टाकत होती. आणि १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये, १६ तारखेच्या पहाटे, दक्षिण इंग्लंडवर ते प्रसिद्ध वादळ आलं ज्यात सुमारे दीड कोटी झाडं पडली, ससेक्स त्यात सगळ्यात जास्त झोडपलेल्या भागात होतं आणि शेफील्ड पार्कलाही मोठा फटका बसला. बघा तारीख, बरोब्बर तुमच्या ‘गॅरंटीड’ आठवड्याच्या तोंडावर!

शिवाय सगळी झाडं एकाच आठवड्यात रंगतात हेही खरं नाही, उलट बागेची गंमत त्यातच आहे. ट्युपेलो लवकर सुरू करतो, सप्टेंबर संपता संपता एखादी फांदी लाल दिसायला लागते आणि बाकीचं झाड हिरवं, ते मला पूर्ण लाल झाडापेक्षा छान वाटतं. मग मेपल ऑक्टोबरच्या मध्यापासून, एकेक जातीची वेळ वेगळी. अझेलियाची झुडपं खालून केशरी होतात. स्वॅम्प सायप्रस ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबर. आणि बीच, ओक सगळ्यात शेवटी, नोव्हेंबरचा पंधरवडा उलटेपर्यंत, जेव्हा टूरवाले कधीच निघून गेलेले असतात आणि बाग आमच्यासारख्या कुत्रं-छत्री-थर्मासवाल्या लोकांना परत मिळालेली असते. या सगळ्यात जमिनीलगत एक गोष्ट असते जी नव्वद टक्के लोक ओलांडून जातात कारण माना वर असतात: जेन्शियन. चीनकडची जात आहे, बोटभर उंचीची, आणि ऐन ऑक्टोबरमध्ये तिला अशी निळी फुलं येतात की तुम्हाला वाटेल कुणी शाई सांडली. शेफील्ड पार्कचे जेन्शियनचे वाफे बागवाल्या लोकांत फार प्रसिद्ध आहेत. ऊन असलं तरच फुलं उघडतात, ढग आला की मिटून घेतात, म्हणून दुपारी जा. आणि बर्चखाली ती लाल टोपीची पांढरे ठिपकेवाली अळंबी दिसली तर मुलांना हात लावू देऊ नका, विषारी असते.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाकडे-मुलीकडे येणाऱ्या आईवडिलांसाठी दोन-चार कामाच्या गोष्टी लिहून टाकते, लेखात हे काहीच नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास इथल्या शाळांना पण सुट्टी असते, त्यामुळे शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळण्याची मारामार, जमलं तर मधल्या वारी सकाळी सकाळी जा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळतो, आपल्याकडच्या हिशोबाने जेवून-झोपून चारला बाहेर पडाल तर अंधार बघून परत याल. गाडी नसेल तर सगळ्यात मजेचा रस्ता म्हणजे लंडन व्हिक्टोरियाहून साध्या ट्रेनने ईस्ट ग्रिनस्टेड, आणि तिथून ब्लूबेल रेल्वे नावाची वाफेच्या इंजिनची गाडी थेट शेफील्ड पार्क स्टेशनपर्यंत येते, ११ मैल. बंद पडलेली लाइन हौशी लोकांनी १९६० मध्ये परत चालू केली आणि वाढवत वाढवत २०१३ ला ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत नेली, बरेचसे काम अजूनही व्हॉलंटियर करतात. ती रोज धावत नाही, वेळापत्रक आधी बघा. स्टेशनवरून बाग चालत जवळ आहे. तळ्यांच्या भोवतीच्या मोठ्या वाटा बऱ्यापैकी सपाट आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनीही घाबरू नये, पण चिखल असतो आणि ओली पानं प्रचंड घसरतात, त्यामुळे चपला-सँडल नको, बूटच. साडीवर बूट घातलेल्या काकू तिथे मी पाहिल्यात आणि एकदम झकास दिसत होत्या.

आणि खरं सांगायचं तर मी माझ्या माणसांना ऑक्टोबरमध्ये बोलावतच नाही. मे मध्ये या म्हणते. ज्याला इथे वुडलँड गार्डन, म्हणजे झाडीतली बाग, म्हणतात त्याचा खरा सीझन माझ्या मते तो. एप्रिलच्या शेवटी, वरच्या झाडांना पूर्ण पालवी फुटायच्या आधी, खाली ब्लूबेलची निळी फुलं येतात, जगातल्या ब्लूबेलपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या ब्रिटनमध्ये आहेत म्हणतात, आणि ही फुलं परदेशातून आणलेली नाहीत, अस्सल इथली. वर सावली दाट झाली की त्यांचं काम संपलं. मग रोडोडेंड्रॉन, झाडाएवढे, जांभळे गुलाबी पांढरे, हिमालयात आपण बुरांश बघतो त्याची भावंडं. इथली माती आम्लधर्मी असल्याने ती इथे सुखाने वाढतात, शेजारच्या चुनखडीच्या टेकड्यांवर तीच झाडं पिवळी पडून मरतील. आणि मग गेंट अझेलिया. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या गेंट गावात तयार झालेला हा प्रकार, शेफील्ड पार्कमध्ये त्याचा राष्ट्रीय संग्रह ठेवलेला आहे. वास! फोटोत येत नाही तो वास म्हणूनच बहुतेक कुणी त्याबद्दल लिहीत नाही. वळणावर यायच्या आधीच कळतं पुढे अझेलिया आहे. फुलं पिवळी, केशरी, फिकट गुलाबी, आणि तीच झुडपं ऑक्टोबरमध्ये पानांनी परत रंगतात, एका झुडपात दोन सीझन, सोम्सला हिशोब कळत होता.

जुलै-ऑगस्टला बाग हिरवी, शांत, तळ्यात कमळाच्या जातीची फुलं, चतुर भिरभिरत असतात. गर्दी नाही. हिवाळ्यात पानं गेल्यावर सालींचे रंग दिसतात, सांगाडा दिसतो, आणि मग कळतं की आपण ज्याला जंगल समजत होतो त्यात कुठून कुठे बघायचं हे सगळं आखलेलं आहे. एकच गोष्ट काळजीची, रोडोडेंड्रॉनची पाँटिकम नावाची जांभळी जात हौसेने आणली ती आता देशभर रानात पसरलीय आणि खाली काही उगवूच देत नाही, ती उपटायला खूप मेहनत आणि पैसा जातोय. म्हणजे बाहेरून आणलेलं सगळंच गोड निघालं असं नाही. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर मी सोम्सच्या नुसत्या आरत्या ओवाळतेय असं वाटेल.

आता आपल्याकडचं. लेखाच्या शेवटी एक वाक्य होतं की ‘असे रंग आपल्या नशिबात नाहीत’. हे वाचून मला खरंच राग आला. संपादक महोदय, फेब्रुवारी-मार्चमध्ये कुसुंब बघितलाय का कुणी? कोकणात त्याला कोशिंब म्हणतात. त्याची नवी पालवी अशी लाल येते की लांबून वाटतं झाड फुललंय, आणि ती पानं आहेत, फुलं नाहीत. उन्हाच्या विरुद्ध बाजूला उभं राहून बघा, जपानी मेपल काय करेल त्याच्यापुढे. आपलं देशी बदामाचं झाड, जे मुंबईत प्रत्येक दुसऱ्या सोसायटीत आहे आणि ज्याच्या पानांचा कचरा होतो म्हणून लोक तक्रार करतात, त्याची पानं गळायच्या आधी लाल होतात ती अगदी त्याच लाल रंगाने ज्यासाठी लोक इथे विमानाचं तिकीट काढून येतात. पिंपळाची कोवळी पानं तांब्याची. त्याच सुमाराला पळस, पांगारा, काटेसावर फुललेले. आपला रंगाचा सीझन ऑक्टोबर नाही, तो जानेवारीच्या पानगळीपासून एप्रिलपर्यंत आहे, इतकंच. आणि पुण्यात नर्सरीतून मेपल आणून बाल्कनीत लाल होईल म्हणून वाट बघणाऱ्यांनो (आमच्या शाळेच्या ग्रुपवर आहेत असे), तो थंडी मागतो, तुमच्याकडे लाल होणार नाही, सोडा नाद.

फरक एवढाच आहे की आपल्याकडे ही झाडं कुणी विचार करून एकत्र लावलेली नाहीत. एक कुसुंब घाटात, एक कुणाच्या बांधावर, पळस माळावर. मनपाच्या बागेत जा, रांगेने गुलमोहर, जो मादागास्करचा, आणि रेन ट्री, जो दक्षिण अमेरिकेचा, आणि मध्ये कारंजं, आणि ते बंद. गुलमोहराशी माझं वैर नाही, मे महिन्यात त्याच्याखालून शाळेत निकाल आणायला गेलेली मुलगी आहे मी. पण एवढी तळी आहेत आपल्याकडे, गावोगावी पाझर तलाव आहेत, शहरांत जुनी तळी सुशोभीकरणाच्या नावाखाली सिमेंटने बांधून काढताहेत, त्यातल्या एका तरी तळ्याच्या पश्चिमेच्या काठाला पाच-सात कुसुंबांचा घोळका, मागे गडद हिरवी जांभळं नाहीतर आंबा, पुढे चार पळस, असं कुणी लावून बघितलंय? जांभूळ-आंबा बाराही महिने हिरवे, म्हणजे पार्श्वभूमी तयार. खर्च तो काय, रोपं आणि पहिली तीन-चार वर्षं पाणी. आणि शेळ्या आत येणार नाहीत असं कुंपण, तो मात्र खर्च आहे, मला माहितीये.

माझी तुमच्याकडे मागणी साधी आहे. येत्या फेब्रुवारीत तुमच्या फोटोग्राफरला दोन दिवस घाटात पाठवा, कुसुंब लाल असताना. महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्याने खाली उतरताना सापडतील, कोकणातही सापडतील, स्थानिक माणसाला विचारलं की दाखवतो. आणि पुरवणीत तेवढीच जागा द्या जेवढी इंग्लंडला दिलीत, पूर्ण पान, रंगीत. सोबत कुठल्या महिन्यात कुठलं झाड रंगतं याचा एक तक्ता छापलात तर शाळेतली मुलं कापून भिंतीला लावतील. आणि वाचकांपैकी कुणी असा घोळका आधीच लावला असेल, शेतावर, शाळेच्या आवारात, कुठेही, तर त्याचं पत्र जरूर छापा, मला ते वाचायचंय.

आपली नम्र,
एक वाचक
(ईस्ट ससेक्स, मूळ गाव सातारा)

ता. क. – रील बनवणाऱ्यांसाठी: नॅशनल ट्रस्टच्या जागेत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. घरून उचलून आणू नका.